प्रोग्राम लिहिण्यासाठीं कोणता एडिटर घ्यावा?

गतवर्षीं लालबागहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत येऊन मला म्हणाले, "सर, मुलाला प्रोग्राम लिहावयाचा आहे. दुकानदार एक महागडें सॉफ्टवेअर सुचवितो. घेऊं काय?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती. मीं त्यांस म्हटलें, "आपण एक पैसाही खर्चूं नका." हा सल्ला कां दिला, हें इतर पालकांसही कळावें म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

प्रोग्राम म्हणजे निव्वळ साधा मजकूर होय, आणि तो लिहिण्याचें साधन म्हणजे एडिटर. पत्रें व निबंध लिहिण्याचें सॉफ्टवेअर याहून निराळें. तें मजकूर नटवितें. आपण सरळ अवतरणचिन्ह टंकिलें असतां तें त्याचें वळणदार चिन्ह करितें. निबंधांत तें शोभतें. परंतु पायथॉन भाषेस तें ओळखतां येत नाहीं आणि प्रोग्राम तेथेंच अडतो. या मुलाचा पहिला प्रोग्राम असाच अडला होता, व आम्हां दोघांची एक अख्खी दुपार त्यांत गेली.

चांगला एडिटर ओळींस क्रमांक देतो, भाषेंतील राखीव शब्द निराळ्या रंगांत दाखवितो आणि कंसाची जोडी जुळली कीं नाहीं तें सांगतो. पायथॉनमध्यें ओळीच्या आरंभींच्या मोकळ्या जागेस अर्थ असतो; म्हणून टॅब व स्पेस यांची भेसळ दाखविणारा एडिटर बरा. हे सर्व गुण फुकट मिळणाऱ्या एडिटरांत आहेत. विंडोजवर चालणारा नोटपॅड प्लस प्लस (२००३) हलका असल्यामुळें जुन्या यंत्रासही झेपतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड (२०१५) सोयींनीं समृद्ध, पण यंत्राची स्मृति अधिक खाणारा. बिल जॉय यांच्या १९७६ मधील व्हीआय या एडिटरापासून निघालेला व्हिम (१९९१) माउसवांचून चालतो. तो शिकण्यास मात्र चिकाटी हवी. व्हिमचे व ईमॅक्सचे भक्त एकमेकांशीं कित्येक वर्षें भांडत आले आहेत. असो.

मराठी मुलांनीं आणखी एक परीक्षा घ्यावी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ सालीं आपल्या मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढिला. तेथील जुळारी खिळ्यास खिळा लावून जोडाक्षर साधीत. संगणकाचेंही तसेंच आहे. 'क्ष' हें आपणांस एक अक्षर दिसतें, परंतु संगणकाच्या लेखीं तीं क, हलन्त व ष अशीं तीन चिन्हें. यूटीएफ-८ पद्धतींत त्यांस नऊ बाइट लागतात. तीं नीट जोडून दाखविणें हें एडिटराचें काम. आणि सर्व अक्षरें सारख्याच रुंदीचीं मानणारे कित्येक एडिटर येथें गडबडतात.

'दऱ्या' हा शब्द तर दोन प्रकारें टंकितां येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षरानें, किंवा साधा 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनीं. डोळ्यांस दोन्ही सारखेच. पण एक शोधूं गेल्यास दुसरा सांपडेलच असें नाहीं. म्हणून नव्या एडिटरांत प्रथम 'क्ष' व 'दऱ्या' टंकून पाहावें, बाणाच्या कळीनें पुढें-मागें जावें, आणि कर्सर दिसतो तेथेंच अक्षर उमटतें कीं नाहीं तें तपासावें.

लालबागच्या त्या मुलानें भावाच्या जुन्या संगणकावर नोटपॅड प्लस प्लस घेतला, व वर्गांतील मुलांच्या मराठी नांवांची यादी त्यांतच केली.