मूठभर माती, वीस प्रश्न

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा नावाचे गाव आहे. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारे. उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटून वावर मोकळे झाले, की माती परीक्षणासाठी नमुना काढायची वेळ येते. वावरातली सगळी माती काही कोणी प्रयोगशाळेत नेत नाही. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांच्या कडेची माती तासून एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहायचे. उकिरड्याजवळची, बांधावरची किंवा झाडाखालची माती मात्र घ्यायची नाही. का, ते तुम्हीच सांगा.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. या अर्ध्या किलोवरून वावराला नत्र किती लागेल ते सांगता येते. पण तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या झाडाला बोंडे किती लागतील, ते सांगता येत नाही. हा फरक ध्यानात ठेवा. आपल्या संसदेत शाळेच्या परीक्षांवरून जो वाद झाला, तो याच फरकामुळे नीट उलगडतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संसदेने मंजूर केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवायला किंवा शाळेतून काढायला मनाई केली. ३० व्या कलमाने तोपर्यंत मंडळाची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती उरली नाही. परीक्षेऐवजी वर्षभर चालणारे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. यामागचा विचार सरळ होता. नापास झालेले मूल पुन्हा तोच धडा गिरवायला शाळेत येतेच असे नाही. सोनाळ्यासारख्या गावात ते कापूस वेचायला जाऊ शकते, आणि गेले की परत येणे अवघड.

काही वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. नापास होण्याची भीती गेली आणि अभ्यासही गेला, असे अनेक राज्ये म्हणू लागली. हरियाणाच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्री गीता भुक्कल यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ मध्ये एक समिती नेमली गेली. २०१७ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. जुलै २०१८ मध्ये लोकसभेने आणि ३ जानेवारी २०१९ रोजी राज्यसभेने ते मंजूर केले. नव्या १६ व्या कलमाप्रमाणे पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा होते. अनुत्तीर्ण मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी लागते. तीही हुकली तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हे त्या त्या सरकारने ठरवायचे. शाळेतून काढायला मात्र आजही मनाई आहे.

आता गंमत पाहा. विधेयकाच्या बाजूचे लोक म्हणत, परीक्षा नसेल तर मुले शिकतात की नाही ते कळणार कसे? विरुद्ध बाजूचे म्हणत, शिकवले नाही शाळेने, मग शिक्षा मुलाला का? दोघांच्या तोंडी 'परीक्षा' हा एकच शब्द होता, पण कामे दोन होती. एक वावराचे, दुसरे झाडाचे.

वावराच्या कामाला नमुना पुरतो. सांख्यिकीत एक ढोबळ नियम आहे: नमुन्यातल्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने १ ला भागा. ४०० मुले चिठ्ठ्या टाकून निवडली, तर अंदाज फार तर ५ टक्क्यांनी चुकतो (नेहमीच नव्हे, पण शंभरांत पंचाण्णव वेळा). १६०० निवडली तर अडीच टक्क्यांनी. एकूण मुले एक लाख असोत की एक कोटी, त्याने फारसा फरक पडत नाही! १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात देशभरातली सुमारे ३४ लाख मुले बसली होती. इतकी कशाला, असे तुम्ही विचाराल. प्रत्येक जिल्ह्याचे चित्र वेगळे हवे होते म्हणून. त्यात कोणी पास झाले नाही की नापास. तेव्हा 'मुले शिकतात का' एवढेच जाणायचे असेल, तर सगळ्यांची परीक्षा घ्यायची गरज नाही.

झाडाचे काम अवघड आहे. एका मुलाला किती येते, हे प्रश्नपत्रिकेवरून ठरवायचे. पण प्रश्नपत्रिका म्हणजे तरी काय? वर्षभराच्या अभ्यासाच्या वावरातून काढलेली मूठभर माती! तीही नमुनाच, आणि फारच लहान.

समजा, २० प्रश्नांची पत्रिका आहे आणि उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के, म्हणजे ७ उत्तरे बरोबर हवीत. एका मुलीला अभ्यासक्रमातले ४० टक्के पक्के येते. ती पास व्हायला हवी ना? संभाव्यतेचे गणित सांगते, की अशा चार मुलींपैकी एक नापास होईल. तिला न येणारे प्रश्न त्या दिवशी जास्त आले, एवढाच तिचा दोष. उलट, ज्याला ३० टक्केच येते, अशा शंभर मुलांतली ३९ पास होतील. ज्याला ६० टक्के येते त्याला भीती नाही, तो दीडशे वेळांतून एखाद्या वेळी घसरेल. म्हणजे गोंधळ आहे तो रेघेच्या आसपास. प्रश्न २० चे ६० केले तरी ४० टक्के येणाऱ्या पाच-सहा मुलींतली एक पडतेच.

विश्वास बसत नसेल तर करून पाहा. ४० दाणे पांढऱ्या तुरीचे आणि ६० लाल तुरीचे एका पिशवीत घ्या. (ज्वारी आणि तूर घेऊ नका, दाणे लहानमोठे असले की बोटे मोठा दाणा आधी पकडतात आणि नमुना बिघडतो.) न पाहता एक दाणा काढा, रंग लिहा, दाणा परत टाका, पिशवी हलवा. असे वीस वेळा केले की एक परीक्षा झाली. पांढरे सातपेक्षा कमी आले तर नापास. वर्गातल्या पन्नास जणांनी केले तर दहा-पंधरा नापास सापडतील, आणि पिशवी सगळ्यांची सारखीच!

यात तपासणाऱ्याचा हात आपण धरलेलाच नाही. परीक्षेतल्या गुणांत त्रुटी असते आणि ती मोजता येते, हे इंग्लंडमधल्या फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ सालीच मांडले होते. पुढे अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. गुण आले तिसाच्या आतपासून ते नव्वदीच्या पुढेपर्यंत. भूमितीत, बरे का, निबंधात नव्हे!

मग नव्या कायद्यातली पुनर्परीक्षा कितपत उपयोगी? ४० टक्के येणाऱ्या मुलीला ती खरोखर वाचवते: दोन्ही वेळा पडण्याचा धोका चारांत एकवरून सोळांत एकवर येतो. पण त्याच वेळी ३० टक्केवाल्यांतले पास होणारे शंभरांत ३९ वरून ६३ होतात. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. याला चलाखी चालत नाही.

खरा फरक पडतो तो मधल्या दोन महिन्यांत. त्या काळात ३० टक्क्यांचे मूल शिकून ४५ टक्क्यांवर आले, तर एकाच पुनर्परीक्षेत अशा शंभरांतली ८७ मुले पास होतात, आणि तीही काही शिकून. माझ्या मते विधेयकातले सर्वांत मोलाचे शब्द 'परीक्षा' किंवा 'अनुत्तीर्ण' हे नव्हेत, जादा शिकवण्याचे आहेत. चर्चेचा जोर मात्र पास-नापासावरच राहिला.

राज्यांनी आपापले मार्ग धरले. तमिळनाडूने मुलांना मागे न ठेवण्याची जुनी पद्धत चालू ठेवली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आणली. दुसऱ्यांदाही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात राहावे लागते. आपल्याकडे वार्षिक परीक्षा एप्रिलच्या सुमारास होते. त्यानंतरचे दोन महिने म्हणजे वैशाखवणवा. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. सोनाळ्यात पाचवीच्या एखाद्या मुलाला या दिवसांत जादा शिकवायचे, तर कोण, कुठे आणि कोणत्या वेळी शिकवणार? सकाळी सातला वर्ग भरवता येईल का? वर्गखोलीला पंखा आहे का? शिक्षक सुट्टीत गावाला गेले असतील तर? याचे उत्तर कायद्यात नाही, ते प्रत्येक शाळेला आपल्यापुरते शोधावे लागते.