पीकरक्षणाची बंदूक व सरकारी कचेरी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी हुरड्यास आली की रात्रंदिवस राखण करावी लागते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 अन्वये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. परंतु परवाना असला म्हणजे बंदूक कोठेही न्यावी, ही समजूत चुकीची होय. परवान्यात नमूद केलेला हेतू व क्षेत्र यांपुरताच तो अधिकार असतो. उताऱ्यासाठी तहसील कचेरीत जाताना बंदूक घरीच बंदोबस्तात ठेवावी. परवान्याची अट मोडल्यास कलम 30 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तपासणीसाठी शस्त्र मागविले असल्यासच ते रिकामे करून व झाकून न्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत समजावून द्यावी.