चंचल मुलाच्या निर्णयाचं गणित

‘पोरगं हुशार आहे, पण एका जागी टिकत नाही.’ वसमत असो की सेनगाव, शाळेच्या पालकसभेत ही तक्रार हमखास निघते. काही मुलांच्या बाबतीत या अस्वस्थतेमागे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असतो. पण लक्ष उडतं तेव्हा मेंदूत नेमकं काय घडतं? संशोधक आता ते संगणकीय प्रारूपांतून शोधत आहेत.

मुलाला एक खेळ देतात. पडद्यावर दोन चित्रं. एकावर बहुतेकदा गुण मिळतात, दुसऱ्यावर क्वचित. मध्येच अदलाबदल होते. मुलाची प्रत्येक निवड सूत्राने तपासली जाते. समजा, अपेक्षा शून्य होती आणि १० गुण मिळाले. शिकण्याचा वेग ०.२ धरला, तर नवी अपेक्षा २. पुन्हा १० मिळाले, की ३.६. अपेक्षा आणि प्रत्यक्षातला फरकच शिकवतो, हे रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये मांडलं. डोपामाइन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी असाच फरक कळवतात, हे शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडलं. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथिलफेनिडेट हे औषध डोपामाइनवरही काम करतं.

या गणितामुळे एका तक्रारीचे तीन प्रश्न होतात. मूल शिकतंच हळू? शिकलेलं असूनही निवड डळमळते? की उशिरा मिळणाऱ्या बक्षिसाची किंमत त्याच्या मनात झपाट्याने घसरते? टोबियास हाउझर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या किशोरांची निवड अधिक डळमळती आढळली. इतर अनेक अभ्यासांत अशी मुलं उद्याच्या मोठ्या बक्षिसापेक्षा आत्ताचं छोटं बक्षीस जास्त वेळा निवडतात. हळदीच्या पैशासाठी आठ-नऊ महिने थांबणं शेतकऱ्याला जमतं. या मुलाला वार्षिक निकाल तितकाच लांब वाटतो, आणि थांबणं मात्र जमत नाही. म्हणून गणित सुटताक्षणी दिलेली शाबासकी त्याच्यासाठी मोलाची.

निदान मात्र खेळावरून होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून, घरी आणि शाळेतही, किमान सहा महिने दिसतात का, हे डॉक्टर पाहतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. या कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा शिक्षकांनी आणि आई-वडिलांनी ‘खोडकर आहे’ एवढ्यावर थांबू नये. लक्ष कशात टिकतं, कशात उडतं आणि किती वेळात, हे नेमकं सांगावं. योग्य मदतीची सुरुवात तिथूनच होते.