रायफल आहे, गोळी कुठंय?

तुमचा फोन एकदम झकास, पण त्याचा चार्जरच बाजारातून गायब झाला तर? अमेरिकेत '.१७ मॅक-२' रायफलवाल्यांची गत एकेकाळी काहीशी अशीच झाली होती. २००४ मध्ये आलेलं हे रिमफायर काडतूस म्हणजे '.२२'च्या नळीचं तोंड आवळून बसवलेली इवलीशी गोळी. वेग आवाजाच्या जवळपास दुप्पट, म्हणून नाव 'मॅक-२'! पण २००२ मध्येच आलेलं, जास्त दमदार '.१७ एचएमआर' भाव खाऊन गेलं. मग खप कमी म्हणून उत्पादन कमी. काडतूस मिळेना म्हणून रायफल कुणी घेईना. बरं, रिकामं काडतूस घरी पुन्हा भरावं, तर तेही जमत नाही. ठिणगी पाडणारी दारू त्याच्या बुडाच्या कडेत असते आणि पिन आपटली की कडच चेपते. एकदा उडवलं की भंगार! तेव्हा कुठलीही भारी वस्तू घेण्याआधी विचारा, हिचं 'खाद्य' उद्या मिळेल ना?