कुरुंदवाडचे वकील आणि मुंबईची तिजोरी

शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड म्हटलं की गाण्याची आवड असलेल्या माणसाला विष्णु दिगंबर पलुसकर आठवतात. त्यांचा जन्म इथला, १८७२ चा. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, याच गावात अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे जन्मले. पटवर्धनांच्या चिमुकल्या संस्थानात जन्मलेले हे जैन गृहस्थ पुढे मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. गुजरातपासून कानडी मुलखापर्यंत पसरलेल्या प्रांताचा हिशेब त्यांच्या हाती आला!

ही वाट सरळ नव्हती. एम.ए., एलएल.बी. झालेले लठ्ठे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवत. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा उभी राहिली, तिच्या उभारणीत या विशीतल्या तरुणाचा मोठा हात होता. मग १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण उद्भवलं आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून एका तरुणाचा छळ झाला, पण तो बधला नाही. तो तरुण म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील.

लठ्ठे बेळगावात वकिली करू लागले. दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळातही जाऊन आले. ज्या संस्थानात त्यांच्यावर संशय घेतला गेला, त्याच संस्थानाच्या शाहू महाराजांचं चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिलं. ते १९२४ मध्ये दोन खंडांत निघालं. आणि १९२६ मध्ये तर ते कोल्हापूरचेच दिवाण झाले. कालचा संशयित आज कारभारी! कादंबरीत असं वळण आलं असतं, तर वाचकानं नाक मुरडलं असतं.

खरी कसोटी मात्र १९३७ नंतरची. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात लठ्ठ्यांकडे अर्थखातं आलं. गृहखात्याला कन्हैयालाल मुनशी, महसूलला मोरारजी देसाई. काँग्रेसनं दारूबंदीचा शब्द दिलेला होता आणि सरकारी तिजोरी तर दारूवरच्या अबकारीवर पोसलेली. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. लोकांचे पेले रिकामे करायचे, तर तिजोरीतलं भगदाड बुजवायचं कशानं?

इथे वकिलाची नजर कामी येते. १९३५ च्या कायद्यानं करांची वाटणी करून ठेवलेली. शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर केंद्राचा, प्रांतानं त्याला हात लावायचा नाही. जमिनी आणि इमारती मात्र प्रांताच्या यादीत. सरकारनं नेमकी तीच नोंद धरली आणि शहरी स्थावर मिळकतींवर कर बसवला. दर वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के.

मालमत्तावाले हायकोर्टात गेले. भाड्यावरून मोजलेला कर म्हणजे वेष बदललेला प्राप्तिकरच, असं त्यांचं म्हणणं. बायरामजी जिजीभॉय यांच्या खटल्यात मुंबई हायकोर्टानं ते फेटाळलं. कर कशावर बसतो आणि कशानं मोजला जातो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भाडेमूल्य ही फक्त मोजपट्टी. कर बसतो तो इमारतीवर. पंजाबच्या अशाच कराबाबत फेडरल कोर्टानं १९४८ मध्ये हीच भूमिका घेतली.

वकिलाच्या हाती तिजोरी जाण्याचं नवल दूरदेशीही घडलेलं आहे. हंगेरीत १८४८ च्या क्रांतीनंतर लायोश कोशुत हे वकील अर्थमंत्री झाले आणि देशाच्या नोटा त्यांच्या नावानं ओळखल्या गेल्या. यात एक तर्क दिसतो. कर म्हणजे निव्वळ आकडेमोड नव्हे. कायद्याचा आधार नसलेला एक रुपयाही सरकारला वसूल करता येत नाही, आणि तो आधार कोर्टात टिकावाही लागतो. अर्थसंकल्पाची बेरीज कारकून तपासू शकतो. तो आधार पक्का आहे की नाही, हे बघायला कायदा जाणणारा लागतो.

महायुद्धाच्या प्रश्नावरून १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. लठ्ठे १९५० मध्ये गेले. त्याच वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेनं जमिनी आणि इमारतींवरचा कर राज्यसूचीतल्या ४९ व्या नोंदीत कायम ठेवला. गावोगावच्या घरपट्टीला घटनेतला आधार मिळतो तो याच नोंदीतून.