काहून नेलं, ते लिहून द्या

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या कोर्टात आरोपीची आई जामिनाचं नंतर विचारते. आधी एकच प्रश्न असतो : "साहेब, माह्या पोराले काहून नेलं?" इथं घरात मराठी, संत्र्याच्या बागेत मराठी; ठाण्यातला कागद मात्र हिंदीत. पोरगं हिंदी फाडफाड बोलतं, पण 'अभिरक्षा' (कोठडी) अन् 'धारा' (कलम) यांनी भरलेल्या कागदावर सही करताना त्याला काय कळतं, ते मी रोज बघतो.

कायद्यातही त्या माउलीचाच प्रश्न पहिला आहे. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटकेचं कारण लवकरात लवकर सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे आणावं लागतं. कारणच ठाऊक नसेल तर अटक बेकायदा आहे, हे वकील कशाच्या जोरावर सांगणार?

भाषेचा मुद्दा शेजारच्या नागपुरातूनच दिल्लीला गेला होता. १९६१ मध्ये तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन या माणसाला स्थानबद्ध केलं. कारणांची टंकलिखित १४ पानं दिली, ती इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नव्हतं. हिंदीत द्या म्हणाला, तर नकार मिळाला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती स्थानबद्धता बेकायदा ठरवली.

कळेल त्या भाषेत कारण देण्याचा हाच नियम साध्या अटकेपर्यंत पोचायला साठाहून जास्त वर्षं लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या मोटार अपघात प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) आणि न्या. मसीह यांनी निकाल दिला : गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्या आणि आरोपीला कळेल त्या भाषेत द्या. जागेवर जमलं नाही तर तोंडी सांगा. पण कोठडी मागायला कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हाती हवा. नाही दिला तर अटकही बेकायदा, कोठडीही. यानं कुणी निर्दोष ठरत नाही. कारणं लेखी देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

म्हणून बोलायचं ते पहिल्याच पेशीत. दंडाधिकाऱ्यानं कोठडी दिली की हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोठडीतून सोडवण्याची याचिका, सहसा चालत नाही. आदेश उघडच बेकायदा किंवा डोळे मिटून दिलेला असेल तरच आशा. त्यासाठीही आम्हाला जबलपूरचं हायकोर्ट गाठावं लागतं. १९५६ पर्यंत आमचं हायकोर्ट नागपूरला होतं, अन् नागपूर आजही जवळ आहे! त्याच जबलपूरहून गेलेल्या खटल्यात १९७६ मध्ये, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयानं हेबियस कॉर्पसचा दरवाजाच बंद केला होता. पाचांपैकी एकटे न्या. खन्ना विरोधात राहिले. तो निकाल २०१७ मध्ये पुसला गेला.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर पहिल्या पेशीपासून सरकारी खर्चानं वकील मिळतो, तो मागा. माझ्या अर्जात तीन गोष्टी असतातच : किती वाजता नेलं, घरी कुणाला कळवलं, कागद कधी अन् कोणत्या भाषेत दिला. आईनं सांगितलेली वेळ आणि ठाण्याच्या नोंदीतली वेळ जुळली नाही, तर कॅमेऱ्याचं चित्रण मागतो. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच बजावलंय.