गुन्ह्याच्या गोष्टी आणि हरवलेली झोप

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. रक्तदाब आणि मधुमेहाच्या त्या माझ्या जुन्या रुग्ण. शहागडात गोदावरीच्या काठाला वस्ती दाट असली, तरी त्यांचे घर गावाबाहेर, शेतात आहे. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असतो. तक्रार साधी होती. "डाक्टर साहेब, झोप म्हणून येत नाही बघा. डोळा लागला की दारात कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

म्हातारपणी झोप उथळ होते, थंडीत लघवीला वारंवार उठावे लागते, हे मला ठाऊक होते. बाहेर रुग्णांची रांग होती. मी रक्तदाब तपासला. तो नेहमीपेक्षा बराच वाढलेला होता. औषधाची मात्रा थोडी वाढवली आणि काही दिवसांसाठी झोपेची गोळी लिहून दिली. आठ दिवसांनी आजी पुन्हा आल्या, त्या मनगटाला प्लास्टर घालूनच. गोळीच्या गुंगीत रात्री न्हाणीघराकडे जाताना त्या पडल्या होत्या.

त्या दिवशी सोबत त्यांचा शाळकरी नातू होता. मी औषधांची विचारपूस करीत असताना तो सहज म्हणाला, "आजी रात्री माझ्या मोबाईलवर खुनाच्या मालिका बघते. एक संपली की दुसरी." आजी ओशाळल्या. मला मात्र माझीच लाज वाटली. झोप का येत नाही, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मी फक्त झोप आणण्याची व्यवस्था केली होती.

या प्रसंगातील ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत आणि तो लिहिण्याची परवानगी आजींनीच दिली आहे. त्यानंतर निद्रानाशाच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला मी एक प्रश्न विचारू लागलो, "रात्री झोपण्यापूर्वी काय पाहता?" उत्तरे ऐकून थक्क झालो. हरिपाठ म्हणणारी, माळ ओढणारी, मुंगीलाही न दुखावणारी माणसे रात्री खऱ्या खुनांच्या कहाण्या पाहत होती.

मानवतची आठवण

मराठवाड्यातील ज्येष्ठांना हे आकर्षण नवीन नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी भोगला, त्यांना खडी फोडण्याची कामे आणि मिलोच्या भाकरी आठवतात. त्याच आठवणींत आणखी एक नाव मिसळलेले असते. ते नाव मानवतचे. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातील या गावी बायका आणि लहान मुली यांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनाच्या लोभातून आणि नरबळीच्या अंधश्रद्धेतून ते घडले, असा आरोप झाला. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. 1968 मध्ये मुंबईला हादरवणाऱ्या रामन राघव प्रकरणाचा तपासही त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. त्यांच्या पुस्तकाच्या आधारे 2024 मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली आणि पन्नास वर्षांपूर्वीचे ते भय पुन्हा घरोघरी पोहोचले.

माझा जन्म त्या दुष्काळाच्या आगेमागेचा. मानवतची गोष्ट मी ऐकली ती काही वर्षांनी, ओसरीवर, आजीच्या तोंडून. कंदिलाची वात बारीक केलेली असायची. आम्ही भावंडे भीतीने एकमेकांना बिलगत असू, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांगण्याचा हट्ट धरीत असू. पुढे एसटी स्थानकावरील पुस्तकांच्या गाड्यावर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भेटल्या, मग दूरदर्शन संचावर 'सीआयडी' आणि 'क्राइम पेट्रोल' आले. साधने बदलत गेली. माणसाचे कुतूहल होते तेच राहिले.

मन तिकडे का ओढले जाते?

यात विकृती आहे असे मानून स्वतःला किंवा घरातील वडीलधाऱ्यांना दोष देऊ नये. धोक्याची बातमी कान देऊन ऐकणे, ही जीव वाचवण्याची फार जुनी सवय आहे. वाघ कुठे दिसला, कसा आला, कोण वाचले, हे ज्याने नीट ऐकले तो पुढच्या वेळी सावध राहिला. गुन्ह्याची सत्यकथा ऐकताना आपले मन तेच करीत असते. दार उघडे कसे राहिले? ओळखीच्याच माणसाने घात कसा केला? मी तिथे असतो तर काय केले असते?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील अमांडा व्हिकारी आणि ख्रिस फ्रॅली या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. खऱ्या गुन्ह्यांची पुस्तके पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक पसंत करतात, आणि संकटातून निसटण्याची युक्ती सांगणारे पुस्तक त्यांना विशेष ओढून घेते, असे त्यांना आढळले. ज्याला धोका अधिक जाणवतो, तो धोक्याचा अभ्यास अधिक करतो. एकट्या राहणाऱ्या आजींचे मन याहून वेगळे नसते.

दुसरे कारण न्यायाचे आहे. रोजच्या आयुष्यात अन्यायाचा उलगडा क्वचितच होतो. बांधाचे भांडण तीस वर्षे चालते. मालिकेत मात्र तासाभरात गुन्हेगार सापडतो आणि मनाला एक प्रकारचे समाधान मिळते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे एकटेपण. संध्याकाळी घर शांत होते तेव्हा उत्कंठा लावणारा आवाज सोबतीसारखा वाटतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

पडद्यावरील सुरी आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, हे बुद्धीला कळते. शरीराला ते तितक्या लवकर कळत नाही. भीती जागी होताच ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृत साखर रक्तात सोडते. तरुण शरीर थोड्या वेळात पूर्ववत होते. वय वाढल्यावर हा चढ उतरायला वेळ लागू शकतो. एखाद्या मालिकेमुळे कुणाला हृदयविकाराचा झटका येतो, असे मी म्हणणार नाही. पण रात्री अकरा वाजता उत्तेजित झालेले शरीर अंथरुणावर पडून केवळ कूस बदलते, हे मी रोज पाहतो. त्यात मोबाईलचा प्रकाश मेंदूला अजून दिवसच आहे असे भासवतो. झोप अपुरी झाली की सकाळी रक्तदाब चढा, साखर वाढलेली आणि तोल अस्थिर. म्हातारपणी अस्थिर तोल म्हणजे पडण्याचा धोका, आणि पडणे म्हणजे हाड मोडण्याचा धोका.

म्हणून एक विनंती आहे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून किंवा औषध दुकानातून मागून घेऊ नका. डॉक्टरांनी दिली तरी ती किती दिवस घ्यायची, हे विचारा. आम्ही डॉक्टरही चुकतो. माझी चूक वर सांगितलीच आहे.

विश्वासाला लागणारी वाळवी

शरीराहून खोल परिणाम मनावर होतो. जॉर्ज गर्बनर या अमेरिकन अभ्यासकाने काही दशकांपूर्वी मांडले, की टीव्हीवर सतत हिंसा पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक क्रूर वाटू लागते. आमच्या आजींचेही तेच झाले होते. सून सांगू लागली, "डाक्टर, आत्या आता माझ्या हातचा चहा घेत नाहीत. आधी मला प्यायला लावतात." हे बोलताना तिचे डोळे भरून आले. आजींनी पाहिलेल्या एका भागात घरच्याच माणसाने विष घातले होते. पहाटे उठून सासूसाठी भाकरी थापणाऱ्या त्या मुलीला मनगटाच्या प्लास्टरपेक्षा हा कप अधिक दुखत होता.

येथे काळजी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना पडद्यावरील घटना आपल्याच खोलीत घडते आहे असे वाटते. चोर घरात शिरला म्हणून ते ओरडतात, दाराला कडी लावतात, कधी घराबाहेर पळतात. त्यांच्याशी वाद घालू नये. संच बंद करावा, दिवा लावावा, हात हातात घेऊन शांतपणे बोलावे, आणि अशा घरात असे कार्यक्रम मोठ्या आवाजात लावूच नयेत.

दुसरी, संशय अचानक, एक-दोन दिवसांत सुरू झाला तर सगळा दोष मालिकेला देऊ नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर उतरणे, एखाद्या नव्या औषधाचा परिणाम, यांमुळेही वृद्धांना एकाएकी भ्रम होतो. ताबडतोब तपासणी करावी. आणि एखादी वृद्ध व्यक्ती 'मला कुणी त्रास देते' असे म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेण्यापूर्वी त्यात तथ्य आहे का हेही पाहावे.

भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

या कहाण्यांचा आणखी एक तोटा असा, की त्या भीतीला चुकीच्या दारावर पहारा देण्यास बसवतात. आजी रात्री तीनदा कडी तपासत, पण न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पायपुसणे नव्हते आणि वाटेत दिवा नव्हता. खरा धोका तिथे होता.

आजचा चोर तर बहुधा दाराने येतच नाही, तो फोनवरून येतो. पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याची बतावणी करून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे सांगणारे भामटे वृद्धांची आयुष्याची पुंजी लुबाडतात. आपल्या कायद्यात अशी अटक नाही. हा सगळा खेळ भीतीवर चालतो, आणि रात्रंदिवस गुन्हेगारी पाहून घाबरलेले मन त्याला लवकर बळी पडेल अशी मला चिंता वाटते. असा फोन आल्यास तो बंद करावा, घरच्यांना सांगावे. पैसे गेले असल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे काय?

1976-77 मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडले. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत, असे त्या काळातील पुणेकर सांगतात. चौघा गुन्हेगारांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात फाशी झाली. त्यांची नावे आजही अनेकांना पाठ आहेत. मारले गेलेले वयोवृद्ध काशिनाथशास्त्री अभ्यंकर मात्र संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे विद्वान होते, हे किती जणांना ठाऊक असते? एका ज्ञानी माणसाचे सारे आयुष्य एका खटल्याच्या नावात उरले. मानवतमध्येही ज्यांच्या लेकी गेल्या, त्यांच्यासाठी ती कधीच मालिका नव्हती. पाहताना एवढी जाणीव ठेवली, तरी आपल्या कुतूहलाला मर्यादा येते.

मग करावे काय?

बंदी घालू नये. वडीलधाऱ्यांच्या हातून मोबाईल हिसकावणे हा अपमान आहे, आणि अपमानानेही झोप उडते. त्याऐवजी:

• असे कार्यक्रम किंवा पुस्तके दिवसा, उजेडी पाहावीत, वाचावीत. झोपण्यापूर्वीचे दोन तास त्यांना सुट्टी द्यावी.
• मोबाईलमधील पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. एका दिवशी एकच भाग.
• शक्यतो एकट्याने पाहू नये. पाहून झाल्यावर त्याविषयी बोलावे. बोललेली भीती हलकी होते.
• धडधड, घाम, वाईट स्वप्ने, जवळच्या माणसांवर संशय यांपैकी काही जाणवल्यास पाहणे थांबवावे आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.
• रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा आणि फरशी कोरडी असावी.
• मन फार अस्वस्थ झाल्यास टेलिमानस 14416, आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी एल्डर लाइन 14567 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावेत.

आमच्या ओसरीवरच्या गोष्टीत आणि आजच्या मालिकेत भीती सारखीच आहे. फरक एवढाच, की तेव्हा गोष्ट संपली की आजी उठून दाराला कडी लावी, आमच्या अंगावर गोधडी टाकी आणि शेजारी निजे. भीती दाखवणारी आणि ती निववणारी व्यक्ती एकच होती. मोबाईल पहिले काम करतो. दुसरे घरातल्या माणसांनीच करायचे असते.

आजींची झोपेची गोळी मी बंद केली. आता नातू आणि आजी दुपारी, शाळा सुटल्यावर, एक भाग सोबत पाहतात. गुन्हेगार कोण याची पैज लागते आणि बहुतेक वेळा आजी जिंकतात. रात्री सून त्यांच्या खोलीत अंथरूण टाकते. परवा त्या रक्तदाब तपासायला आल्या, तो आटोक्यात होता. निघताना सुनेने थर्मासमधला चहा कपात ओतून पुढे केला. आजींनी तो घेतला आणि फुंकर घालीत प्यायला सुरुवात केली. आधी कुणालाही चाखायला न देता.